कुणी विचारलं ते सांगू नका

मुलुंड पूर्वेला आमच्या बिल्डिंगच्या लॉबीत एक काळा फळा आहे. त्यावर फ्लॅट नंबर आणि समोर मालकाचं नाव, पांढऱ्या अक्षरांत. शेजारच्या नोटीस बोर्डावर कुणाचा मेंटेनन्स किती महिन्यांचा थकलाय त्याची यादी, रकमेसकट. लिफ्टची वाट बघत दोन मिनिटं उभा राहिलेला कुरियरवाला वर पोचतो तेव्हा त्याला त्या घराचा आर्थिक इतिहास पाठ झालेला असतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने सांगितलं. आमच्या मॅनेजिंग कमिटीने तो निकाल अजून मंजूर केलेला नाही. पहिल्या मीटिंगला कोरम नव्हता, दुसऱ्या मीटिंगला पार्किंगचा विषय होता.

तरी फळ्यावरची माहिती म्हणजे काहीच नाही. उपनगरात माणूस खरा उघडा पडतो तो काहीतरी विचारल्यावर. सेक्रेटरींना नुसतं म्हणून बघा, ‘‘एनओसीला किती दिवस लागतात हो?’’ तुम्ही फ्लॅट विकताय, मुलगा कॅनडाला चाललाय आणि स्टेशनजवळच्या ब्रोकरने काय भाव सांगितलाय, हे संध्याकाळी बागेतल्या बाकावर तुम्हालाच ऐकायला मिळतं. वाण्याकडे डिंक चांगला आलाय का एवढं विचारलं तर घरी सुनेला अभिनंदनाचे फोन सुरू होतात. वाणी काय म्हणाला याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. विचारलं, यातच सगळं आलं.

माझ्या भाच्याने नेमकं हेच दुखणं हाती घेतलंय, पण इंटरनेटवरचं. तो घाटकोपरला पंतनगरात राहतो, चकाल्याला एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो आणि फावल्या वेळात, म्हणजे ऑफिसच्याच वेळात, त्याने एक साधन तयार केलंय. एखादं डोमेन नेम मोकळं आहे की कुणी घेतलंय, हे त्यात बघायचं. पण बघणारा कोण, हे कुणालाही कळता कामा नये. अगदी भाच्यालासुद्धा. हा सगळा गुप्त बेत त्याने मला घाटकोपर-वर्सोवा मेट्रोत, सकाळच्या गर्दीत, जागृती नगर ते साकीनाका एवढ्या वेळात समजावून सांगितला. साकीनाक्याला उतरता उतरता एका अनोळखी गृहस्थांनी त्याला दोन सूचना केल्या. त्यातली एक चांगली होती.

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते ताईमुळे. माझी ताई, म्हणजे त्याची आई, दिवाळीचा फराळ करून विकते. धंदा वाढला तशी साइट हवी झाली, साइटला नाव हवं झालं. घरात चार दिवस खल होऊन एक नाव ठरलं आणि ताईने ते स्वतः एका साइटवर शोधलं. हिरव्या अक्षरांत आलं, ‘उपलब्ध आहे’. ताईने भिंतीकडे पाहिलं. कालनिर्णयात अमावस्या होती. ‘‘परवा घेऊ,’’ ती म्हणाली. परवा तेच नाव लाल अक्षरांत, आणि कुणीतरी ते डॉलरमध्ये विकायला काढलेलं. रुपयांत हिशेब केला तर दोन हंगामांच्या चकल्या त्यात गेल्या असत्या. योगायोगही असेल, चांगली नावं रोजच जातात. ताईचं मत मात्र ठाम: ‘‘मी विचारलं म्हणूनच गेलं.’’

मी हसलो. भाचा हसला नाही. त्याने मला जुनी प्रकरणं काढून दाखवली. लोक शोधतात ती नावं मध्येच कुणीतरी उचलतं, या तक्रारीवर आयकॅनच्या, म्हणजे जगातल्या डोमेनचा कारभार बघणाऱ्या संस्थेच्या, सुरक्षा समितीने २००७ मध्ये टिपणच काढलं होतं. पुढच्याच जानेवारीत अमेरिकेतल्या नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीने वेगळाच प्रकार केला. तिच्या साइटवर तुम्ही एखादं नाव नुसतं शोधलंत की ती ते चार दिवस स्वतःकडे धरून ठेवायची. तेवढ्या दिवसांत घ्यायचं तर तिच्याकडूनच. खुलासा असा, की भुरट्यांनी पळवू नये म्हणून आम्हीच सांभाळतोय. त्या वेळी नवं नाव पाच दिवसांत परत केलं तर पैसे परत मिळत, त्यामुळे ही सांभाळणावळ फुकटात पडायची. बराच आरडाओरडा झाला, कोर्टकचेरी झाली, आणि वारेमाप नावं घेऊन परत करणाऱ्यांवर आयकॅनने दंडासारखी फी बसवली. तेव्हा कुठे हा खेळ थंडावला.

मूळ व्यवस्था बिचारी फार साध्या मनाने सुरू झाली होती. सत्तरच्या दशकात इंटरनेटच्या पूर्वजाची, म्हणजे आर्पानेटची, नावनिशी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या एका कचेरीत ठेवली जाई आणि एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाई ती कचेरी चालवत. नव्या संगणकाला नाव हवं असेल तर तिथे कळवायचं, तेही कचेरीच्या वेळेत. १९८२ मध्ये तिथूनच ‘हू-इज’ नावाची नोंदवही निघाली. नेटवर्क वापरणाऱ्या प्रत्येकाने नाव, टपालाचा पत्ता, पिनकोड आणि फोन नंबर द्यावा, आणि तो कुणीही बघावा, अशी अपेक्षा. थोडक्यात आमच्या लॉबीतला फळाच. सगळे एकमेकांना ओळखत होते तोवर तो चाललाही. पुढे कोट्यवधी लोक आले आणि नोंदीतल्या फोनवर मध्यरात्री वेबसाइट बनवून देणाऱ्यांचे फोन येऊ लागले. २५ मे २०१८ ला युरोपचा खासगीपणाबद्दलचा कडक कायदा लागू झाला आणि बहुतेक नोंदींवर पडदा पडला. २८ जानेवारी २०२५ ला तर डॉट कॉमसारख्या नावांसाठी हू-इज ठेवण्याची सक्तीच संपली. त्याच्या जागी आरडॅप नावाची नवी पद्धत आली.

‘‘पण मामा, यात गंमत लक्षात आली का?’’ भाचा म्हणाला. ‘‘एवढे कायदे करून झाकलं कोणाला? मालकाला. विचारणारा तसाच उघडा.’’

मला ती गंमत लक्षात आली, कारण मी गेल्या वर्षी एक फ्लॅट बघायला गेलो होतो. तिथेही उघडा पडलो तो विचारणारा मीच.

मालकाला झाकण्याचे नमुने तर बघण्यासारखे होते. एके काळी असंख्य डोमेनच्या नोंदींत मालकाच्या जागी नेदरलँड्समधल्या मूरगेस्टेल नावाच्या गावचा पोस्ट बॉक्स क्रमांक ९७ दिसे, आणि पत्त्याच्याच ओळीत लिहिलेलं असे की सर्व टपाल नाकारलं जाईल. पत्रव्यवहार नको म्हणून पत्ता देणारी ही वृत्ती मला पाहताक्षणी आपली वाटली. आमच्या सेक्रेटरींच्या दारावर तक्रारपेटी आहे, तिला फट नाही.

आपली वाटायला आणखीही कारण आहे. डोमेन नेम म्हटलं की लोकांना वाटतं, हा सगळा कॅलिफोर्नियाचा मामला. पण जगातल्या मोठ्या डोमेन विक्रेत्यांपैकी एकाचा पत्ता वर्षानुवर्षं ‘अंधेरी सबवेच्या शेजारी, जुना नागरदास रोड, अंधेरी पूर्व’ असा होता. भाविन आणि दिव्यांक तुरखिया या भावांनी १९९८ मध्ये वडिलांकडून २५ हजार रुपये घेऊन डायरेक्टी सुरू केली. रीसेलरक्लब, बिगरॉक ही त्यांचीच दुकानं. २०१४ मध्ये अमेरिकेच्या एन्ड्युरन्स इंटरनॅशनल ग्रुपने हा डोमेनचा उद्योग विकत घेतला. अंधेरीचा सबवे दर पावसाळ्यात भरतो, बंद होतो आणि बातमीत येतो. जगातल्या लाखो वेबसाइटांचे पत्ते त्याच्या शेजारून वाटले जात होते आणि सबवेतून पलीकडच्या पश्चिमेला जायची मात्र सोय नव्हती, हे चित्र मला अतिशय आवडतं.

आणि नावावरून भांडायची मुंबईची परंपराही जुनी आहे. रेडिफ डॉट कॉमवाल्यांनी सायबरबूथ नावाच्या मंडळींना मुंबई उच्च न्यायालयात खेचलं होतं, कारण त्यांनी रॅडिफ डॉट कॉम घेतलं होतं. नुसता एका मात्रेचा फरक. बचाव असा की हा शब्द आम्ही स्वतंत्र बुद्धीने घडवला: ‘रॅडिकल’मधली पहिली तीन अक्षरं, ‘इन्फर्मेशन’चा आय, ‘फ्यूचर’चा एफ आणि ‘फ्री’चा एफ. इतक्या कष्टाने पोराचं नावसुद्धा कुणी ठेवत नाही. न्यायालयाला ते पटलं नाही. डोमेन नेम हा नुसता इंटरनेटवरचा पत्ता नव्हे, त्याला ट्रेडमार्कइतकंच संरक्षण मिळायला हवं, असं १९९९ च्या त्या निकालात आहे आणि वकील मंडळी आजही त्याचा दाखला देतात.

तर, विचारणाऱ्याला झाकायचं. हे ऐकायला सोपं आहे. भाच्याने मला कागदावर काढून दाखवलं की आपण एक नाव शोधलं की किती जणांच्या कानावर जातं. ज्या साइटवर शोधलं ती एक. त्या साइटवर जाहिराती लावणारे, ते वेगळे. नुसतं ब्राउझरमध्ये टाकून बघितलं तरी फोन आधी आपल्या नेटवाल्याच्या सर्व्हरला विचारतो. म्हणजे पंतनगरात, जो केबलवाला महिन्याचे पैसे घ्यायला दारात येतो त्यालाच. त्याचा सर्व्हर पुढे मूळ सर्व्हरला विचारतो, तो डॉट कॉमवाल्याकडे पाठवतो. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ही पद्धत आखली तेव्हा कुलूपकिल्ली कुणाच्या मनातच नव्हती. प्रश्न उघड्या पोस्टकार्डावर जायचा. शिवाय प्रत्येक टप्प्यावर पूर्ण नाव सांगायची पद्धत. मूळ सर्व्हरला फक्त ‘डॉट कॉम कुठे?’ एवढं विचारून भागतं, सगळी कहाणी सांगायची गरज नाही, हे २०१६ मध्ये रीतसर लिहून काढावं लागलं. वॉचमनला ‘बी विंग कुठे?’ विचारताना आपण कशाला आलो, कुणाच्या साखरपुड्याला, जेवून जाणार की नाही, हे सांगणारे पाहुणे माझ्या माहितीत अजूनही आहेत.

पुढे हे पोस्टकार्ड पाकिटात घालायची सोय झाली. पण पाकीट उघडणारा कुणीतरी असतोच, आणि त्याला पाठवणाऱ्याचा पत्ताही दिसतो. त्यावर २०२२ मधली युक्ती अशी की मध्ये दोघांना बसवायचं. एकाला तुम्ही कोण ते कळतं, पण काय विचारलंत ते नाही. दुसऱ्याला काय विचारलंत ते कळतं, पण तुम्ही कोण ते नाही. ‘‘आणि ते दोघं चहाला भेटले तर?’’ मी विचारलं. ‘‘भेटायचं नाही, असं ठरलेलं असतं,’’ भाचा म्हणाला. ही अट मुंबईत कोणत्या दोघांकडून पाळली जाईल याचा मी अजून विचार करतोय. चर्चगेट लाइनवरचा आणि सीएसएमटी लाइनवरचा असे दोघं घेतले तर कदाचित.

भाच्याची स्वतःची युक्ती निराळी आहे आणि ती मला खरोखर आवडली. डॉट कॉममधल्या चालू नावांची अख्खी यादी अर्ज करून मिळते, फुकट. त्यात १५ कोटींहून अधिक नावं आहेत. त्याने प्रत्येक नावाचं गणिताने एक सांकेतिक रूप केलं आणि त्याच्या पहिल्या पाच अक्षरांवरून गठ्ठे पाडले. गठ्ठे होतात साधारण साडेदहा लाख, प्रत्येकात दीडशेच्या आसपास नावं. तुम्ही नाव टाकलंत की त्याचं सांकेतिक रूप तुमच्याच फोनवर तयार होतं, सर्व्हरकडे फक्त पहिली पाच अक्षरं जातात, सर्व्हर तो सगळा गठ्ठा पाठवून देतो आणि तुमचं नाव त्यात आहे का हे तुमचा फोन तुमच्याच घरात बघतो. दीडशेतलं कुठलं हवं होतं, की त्यात नसलेलंच हवं होतं, सर्व्हरला पत्ता नाही. चोरीला गेलेले पासवर्ड तपासायला ही रीत आधीपासून वापरतात.

ताई चकल्या पाडता पाडता ऐकत होती. ‘‘एवढंच ना?’’ ती म्हणाली. ‘‘साडीच्या दुकानात मी दुसरं काय करते? आवडलेली साडी पहिल्या पाच मिनिटांत दिसलेली असते. पण मी तिच्याकडे बघत नाही. आणखी पन्नास काढायला लावते, पाच बाजूला ठेवते, त्यात ती तिसरी असते. कुठली आवडली ते दुकानदाराला कळलं की भाव उतरत नाही.’’ भाचा थोडा वेळ गप्प झाला. मग त्याने डायरीत काहीतरी लिहिलं. मला वाटतं, गठ्ठ्याचा आकार वाढवला.

युक्तीला दोन भोकं आहेत. नाव घेऊन ठेवलंय पण सर्व्हरला जोडलेलं नाही, असं असेल तर ते यादीत येत नाही. खात्रीसाठी शेवटी एकदा आरडॅपला विचारावंच लागतं. आणि आपलं डॉट इन त्या यादीवाटपात बसत नाही. तिथे भाच्याचा सर्व्हर तुमच्या वतीने जाऊन विचारतो. मग मी रास्त शंका काढली, की आता सगळं तुला कळणार, तुझ्यावर विश्वास का ठेवायचा? त्या दिवसापासून त्याने साधनातून एकेक गोष्ट काढायला सुरुवात केली. लॉगिन काढलं. कुकीज काढल्या. कोण आलं, कुठून आलं याच्या नोंदी बंद केल्या. पाहुण्यांचा आकडा मोजणारं यंत्र फेकून दिलं.

आता परिस्थिती अशी आहे.

‘‘किती लोक वापरतात रे?’’
‘‘ते कळत नाही. तेच तर वैशिष्ट्य आहे.’’
‘‘म्हणजे कुणी वापरत नसेल तर?’’
‘‘तेही कळणार नाही.’’

एका माणसाने तक्रार पाठवली, की काल एक नाव मोकळं दाखवलं आणि ते घेतलेलं निघालं. भाच्याने विचारलं, कुठलं नाव? उत्तर आलं: सांगणार नाही. साधन किती यशस्वी झालंय याचा एवढाच पुरावा आजवर हाती आहे. पुढे कुणीतरी एका मिनिटात हजारो नावं विचारायला लागलं आणि समोरच्या सर्व्हरने भाच्याचाच दरवाजा बंद केला. तो धटिंगण कोण हे शोधायचं तर नोंदी हव्यात, आणि नोंदी ठेवायच्या नाहीत. खर्चासाठी देणग्या मागाव्यात म्हणून त्याने यूपीआयचा क्यूआर कोड लावला. पहिली देणगी आली १०१ रुपयांची. सोबत देणाऱ्याचं पूर्ण नाव आणि वेळ. आत्या होती. क्यूआर कोड त्याच रात्री काढला. आत्याने मात्र बोरिवलीपर्यंत सगळ्या नातेवाइकांना कळवलं होतं.

एक गोष्ट आपोआप गुप्त राहते, असं त्याला वाटलं होतं, ती म्हणजे मराठी नाव. २०१४ च्या ऑगस्टमध्ये डॉट भारत हे देवनागरी डोमेन सुरू झालं. पण इंटरनेटच्या पोटात देवनागरी जात नाही; तिथे ‘भारत’चं रूप होतं एक्स एन डॅश डॅश एच टू बी आर जे नाइन सी. ताईने हे ऐकून एवढंच विचारलं, की गिऱ्हाइकाला फोनवर यातलं काय सांगायचं. शिवाय गुप्तता कसली. कुठलाही संगणक ते क्षणात उलट वाचतो.

हा एवढा सोवळा मुलगा परवा आमच्याकडे आला, तेव्हा गेटवरच्या रजिस्टरमध्ये त्याने सुवाच्य अक्षरांत स्वतःचं नाव, मोबाइल नंबर, कुठून आलो, कुणाकडे, कशासाठी आणि आल्याची वेळ लिहिली. ‘कशासाठी’च्या रकान्यात त्याच्या वरच्या माणसाने ‘पर्सनल’ लिहिलं होतं. भाच्याने ‘डोमेन प्रायव्हसीबद्दल चर्चा’ असं लिहिलं. त्याला घेऊन मी वर पोचायच्या आत दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मला थांबवून विचारलं, काही लीगल झालंय का?

साधन पुरं झालं तेव्हा त्यालाच डोमेन हवं होतं. नाव मोकळं आहे का, हे त्याने दुसऱ्याच्या साइटवर पाहिलं, कारण स्वतःचं अजून सुरू व्हायचं होतं. मिळालं. अमावस्या नव्हती.

ताईचंही काम झालं. या वेळी तिने भाच्याच्या साधनात पाहिलं आणि पाहिल्या मिनिटाला पैसे भरले. डॉट इन घेतलं. तिथे पोस्ट बॉक्सवाला बुरखा चालत नाही, डॉट इनचा कारभार बघणारी निक्सी ही संस्था त्याला परवानगी देत नाही. पण बाहेरच्याला दिसणाऱ्या नोंदीत आता राज्य आणि देश यापलीकडे फारसं काही उरत नाही. महाराष्ट्र, भारत. एवढं कळलं तर ताईची हरकत नाही.

शंकरपाळ्यांची ऑर्डर द्यायची असेल तर पंतनगरात कुणालाही विचारा, घर दाखवतील. साइटचं नाव मात्र इथे छापत नाही. नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे.